निवृत्त बॉयलर यांची प्रतिक्रिया

९ जानेवारी

खटपट्या,

तू फोन बंद करून ठेवलायस हे मला तुझ्याकडून नाही कळलं, एका वाचकाच्या प्रतिक्रियेतून कळलं. 'फोन बंद करून पळाला बघा', असं त्याने लिहिलं होतं आणि खाली तुझा नंबर दिला होता. ती प्रतिक्रिया मी काढून टाकली. 'पळाला' आमच्या नियमात बसतं का यावर डेस्कवर थोडी चर्चा झाली. साहेब म्हणाले, बसतं, शिवी नाही ती. मी म्हटलं, पण नंबर छापलाय. मग काढायला हरकत नाही म्हणाले.

तुझ्या कंपनीच्या कचेरीत विचारून साइटचा, म्हणजे कंपनीचं बॅटऱ्यांचं दुसरं केंद्र आधीच उभं आहे तिथला, पत्ता मिळवला. बहीण आहे हे पटवायला बराच वेळ लागला, कारण त्या आठवड्यात तुझ्या बऱ्याच बहिणी निघाल्या होत्या. आता कागदावर लिहितेय. हाताची सवय मोडलीय, तेव्हा अक्षराकडे बघू नकोस.

मी नेमकं काय काम करते ते तुला कधी नीट सांगितलं नाही, तूही विचारलं नाहीस. आमच्या वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर बातमीखाली लोक जे लिहितात ते मी वाचते. राहू द्यायचं ते राहू देते, काढायचं ते काढते. माझ्याकडे ऊर्जा, विज्ञान आणि इंटरनेट अशी तीन पानं आहेत. राजकारण, खेळ आणि सिनेमा ज्यांना हवे होते त्यांनी आधीच घेतले, ही उरली. लोकांना वाटतं विज्ञानाच्या पानावर शांतता असेल. नवा ग्रह सापडला की खाली पहिली प्रतिक्रिया असते, आधी आमच्या रस्त्यावरचे खड्डे शोधा. इंटरनेट बंद पडल्याची बातमी आली की लोक इंटरनेटवर येऊन लिहितात की इंटरनेट बंद आहे. सूर्याबद्दल काहीही छापा, एक गृहस्थ न चुकता लिहितात की हे त्यांच्या आजोबांना माहीत होतं. मला याचं आता काही वाटत नाही. भाजीवालीला भाजीचं वाटत नाही तसं.

तुझी मुलाखत आमच्याच ऊर्जा पानावर आली. बातमीदार चांगला मुलगा आहे, त्याने तू बोललास ते जसंच्या तसं लिहिलं होतं. तू म्हणालास की जुनं वीजकेंद्र बंद होऊन तिथे बॅटऱ्यांचं साठवण केंद्र होतंय याचं तुला वाईटही वाटतं. 'माझ्या वडिलांनी सगळं आयुष्य तिथे घालवलं. पण मी त्यांचा खोकला ऐकत मोठा झालो, म्हणून म्हणतो, ती चिमणी वीस वर्षांपूर्वीच पाडायला हवी होती.' हे शेवटच्या परिच्छेदात होतं, दोन जाहिरातींच्या खाली. मथळा साहेबांनी दिला. त्यात फक्त चिमणी राहिली, वडील आणि खोकला गळाले.

पुढचं तुला माहीत आहे. किंवा फोन बंद केल्यावर जेवढं माहीत नाही तेवढं बरंच आहे. ज्यांनी कधी वीजकेंद्राच्या दारात पाऊल ठेवलं नाही त्यांना चिमणीचा पुळका आला. ज्यांना चिमणीचा राग होता त्यांना बॅटरीचा जास्त राग आला. तू कृतघ्न, तू विकला गेलास, तू परदेशी हस्तक, आणि एकाच्या मते तू अस्तित्वातच नाहीस, कंपनीने तुला संगणकावर तयार केलंय. हे शेवटचं मी राहू दिलं. नियमात बसत होतं.

सगळ्या गर्दीत एकानेच मुलाखत शेवटपर्यंत वाचली होती. टोपणनाव 'निवृत्त बॉयलर'. त्यांनी लिहिलं:

'महोदय, सदर वृत्ताच्या अखेरच्या परिच्छेदात एका खोकल्याचा उल्लेख आहे. तो खोकला कोळशाचा नसून सिगारेटचा होता व ती सोडून बराच काळ लोटला आहे. तरी नोंद घ्यावी. कळावे.'

टोपणनावामागे कोण आहे हे आम्ही कुणाला सांगायचं नसतं. मी सांगत नाही. तू वाच.

आई बरी आहे.

ताई


२४ जानेवारी

खटपट्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठ्ठीच. 'प्रतिक्रिया कळवत जाऊ नकोस. बॉयलर ओळखला.' बरं. मग त्यांच्याबद्दलच लिहिते.

आईला विणकामाचे व्हिडिओ बघायला मी टॅब दिला होता. तो बाबांनी ताब्यात घेतलाय. आई म्हणते, सकाळचा चहा झाला की खिडकीशी बसतात आणि एका बोटाने भांडतात. विजेच्या प्रत्येक बातमीवर त्यांचं मत असतं. पवनचक्क्यांवर त्यांचा विश्वास नाही. सौरऊर्जेबद्दल 'रात्री काय करणार?' असं त्यांनी इतक्या वेळा विचारलंय की एकाने त्यांना 'अहो म्हणूनच तर बॅटऱ्या' असं सुनावलं. त्यानंतर दोन दिवस त्यांनी काही लिहिलं नाही. तुझं नाव त्यांनी कुठेच घेतलेलं नाही. 'संबंधित अभियंता' असं लिहितात.

मी त्यांना ओळखलंय हे त्यांना माहीत नाही. मी रविवारी घरी जाते, ते टॅब उपडा ठेवतात, आणि आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारतो.

खरं सांगू, तुम्ही दोघं कडाकडा भांडला असतात तर मला सोपं गेलं असतं. तू या कंपनीतल्या नोकरीचं सांगायला आलास, बाबा 'बरं' म्हणाले आणि पंखा उघडून बसले. तू थोडा वेळ त्यांच्या पाठीकडे बघितलंस आणि निघून गेलास. यात कुणाची समजूत काढायची, तेच कळत नाही. आई अजून म्हणते की त्या दिवशी पंख्याला काही झालं नव्हतं.

आता दुसरी गोष्ट. गोदाम जळतानाचा एक व्हिडिओ फिरतोय. धुराचे लोट, माणसं पळतायत, आणि खाली तुझ्या साइटचं नाव. तो जुना आहे आणि आपल्या देशातला नाहीच, त्यातल्या गाड्याही उलट्या बाजूने चालतायत. आमच्या बातमीदाराने तसं छापलं. त्या बातमीखाली लोकांनी लिहिलं की पेपरवाले दाबतायत. शेजारच्या वस्तीतली एक बाई घराला कुलूप लावून भावाकडे राहायला गेली. इथल्या ज्या केंद्राचा अजून एक खांबही उभा नाही, त्याच्या भीतीने. हसू नकोस. तुझ्या कंपनीने या सगळ्यावर एक शब्द काढला नाही, आणि माणूस गप्प बसला की लोक त्याच्या वतीने बोलतात.

बाबांनीही तो व्हिडिओ खरा मानला. रविवारी जेवताना मला विचारलं, 'तिकडे कुणाला भाजलं-बिजलं का?'

'कुठे?'

'कुठे म्हणजे, असंच. जगात.'

मी म्हटलं, तो व्हिडिओ जुना आहे, भलतीकडचा आहे, आपल्या माणसाला काही झालेलं नाही. 'मला काय करायचंय', असं म्हणाले. आणि आईकडे पुन्हा भात मागितला. आदल्या दोन दिवसांत धड जेवले नव्हते, हे आईने नंतर ओट्याशी सांगितलं.

साहेबांकडे मी मथळ्याचं बोलले. म्हटलं, वडील आणि खोकला परत घाला, अजून वेळ गेलेली नाही. ते म्हणाले, आता बदललं तर आपण चुकलो असं दिसेल. मी म्हटलं, चुकलोच आहोत. ते म्हणाले, 'चुकलो नाही, छोटं केलं.'

माणूस वाईट नाही. त्यांच्या टेबलावर एक पडदा आहे, त्यावर कुठली बातमी किती जण वाचतायत त्याचा आलेख सतत हलत असतो. त्या पडद्यासमोर बसून मीही काय केलं असतं, सांगता येत नाही.

ताई


१३ फेब्रुवारी

खटपट्या,

काल इथल्या प्रकल्पाची जनसुनावणी झाली. तुझ्या कंपनीचे लोक तुला सगळं कळवतीलच, पण ते कळवतील आणि मी कळवेन यात फरक असणार.

कामगारांच्या जुन्या सभागृहात होती. खुर्च्या कमी पडल्या, लोक खिडक्यांत बसले. व्यासपीठावर एक सरकारी अधिकारी, कंपनीचा एक तरुण अधिकारी, आणि पाण्याच्या बाटल्या. मी मागे उभी होते. कामावर नव्हते, रजा टाकून गेले होते. रोज ज्यांच्या प्रतिक्रिया वाचते ती माणसं कशी दिसतात ते बघावंसं वाटलं. साधीच दिसतात. एकाने माझ्यासाठी बाकावर सरकून जागा केली. नंतर तो बोलायला उठला तेव्हा वाक्यावरून ओळखला, तुला परदेशी हस्तक म्हणणारा तोच.

बाबांना युनियनचे लोक घेऊन आले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. 'तुम्ही बोला, तुमचं लोक ऐकतील', असं त्यांना घरी येऊन सांगून गेले होते. तू त्यांचा मुलगा हे वसाहतीत सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तर त्यांना पुढे केलं. बाबांना ते कळलं नसेल असं समजू नकोस.

त्यांची पाळी आली. उठले, ध्वनिक्षेपक बाजूला केला आणि विचारलं, 'आग लागली तर आत आधी कोण जाणार?'

कंपनीचा अधिकारी म्हणाला की प्रकल्पात अद्ययावत अग्निशमन यंत्रणा आहे, सगळी मानकं पाळली आहेत. बाबा ऐकून घेत होते. मग म्हणाले, 'यंत्रणा नको. माणूस सांगा. कोण जाणार?'

तो कागद चाळायला लागला. सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. शिट्ट्या, बाक वाजवणं, सगळं. त्या आवाजात तो काहीतरी बोलला, पण ऐकायला कुणी तयार नव्हतं. बाबा मात्र अजून उभे होते. वाट बघत होते. सगळ्यांना वाटलं, जिंकले. बाबांना उत्तर हवं होतं. शेवटी कुणीतरी हाताला धरून त्यांना खाली बसवलं.

घरी येताना रिक्षात ते एवढंच म्हणाले, 'टाळ्या कशाला वाजवल्या?'

तू लहान होतास, तुला आठवायचं नाही. केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्याला आग लागली होती. बाबा आणि त्यांचा जोडीदार दोघं दाराशी होते. आतली झडप कुणीतरी बंद करायला हवी होती. जोडीदार दाराच्या जास्त जवळ होता म्हणून तो आधी गेला. झडप बंद झाली. तो बाहेर आला नाही. हे मला बाबांनी नाही, आईने सांगितलं, तेही मी नोकरीला लागल्यावर. बाबा त्या दिवशी घरी आले आणि मोरीत बसून हात धूत राहिले, आईने नळ बंद केला तरी.

तेव्हा त्यांनी विचारलं ते युनियनच्या वतीने विचारलं असं धरू नकोस. सभागृहातल्या सगळ्यांना तो टोमणा वाटला. उद्या त्या दाराशी उभा असणारा एकच माणूस त्यांना माहीत होता, आणि तो सभागृहात नव्हता.

कंपनी उत्तर देईल तेव्हा देईल. तू दे. मला लिही, मी वाचून दाखवते.

ताई


३ मार्च

खटपट्या,

तुझं उत्तर मिळालं. 'कोणीच नाही. तसंच बांधलंय.' आणि खाली समजावून सांगितलंयस ते. बॅटऱ्यांच्या पेट्या एकमेकींपासून लांब ठेवलेल्या, एक पेटली तर तिला जळून जाऊ द्यायचं, शेजारच्या पेट्यांवर बाहेरून पाणी मारत राहायचं, दार उघडायचं नाही, आत कुणी जायचं नाही.

मी ते बाबांना वाचून दाखवलं. माझ्याकडे कुठून आलं ते त्यांनी विचारलं नाही.

'जळू द्यायचं?' म्हणाले.

'हो.'

'आणि बघत बसायचं?'

'हो. लांबून.'

'असं कुठे असतं?' म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले. मला वाटलं होतं, त्यांना सुटल्यासारखं वाटेल. उलट चिडलेले दिसले. म्हणजे इतकं सोपं होतं तर आमच्या वेळी का नव्हतं, असं काहीतरी असावं. हा माझा अंदाज. त्यांना मी विचारलं नाही.

ते निवळायच्या आत दुसरंच झालं. सुनावणीत कुणीतरी चित्रण केलं होतं. ते आधी गावभर आणि मग सगळीकडे गेलं. निवृत्त कामगाराने कंपनीची बोलती बंद केली. तोपर्यंत ठीक होतं, आईने टॅबवर शेजारणींना दाखवलंही. मग कुणीतरी नातं शोधून काढलं. एका वेबसाइटने छापलं, 'बापानेच पोराला उघडं पाडलं.' आमच्या साहेबांना मागे राहायचं नव्हतं, पण आमचं वर्तमानपत्र सभ्य, म्हणून आमच्याकडे मथळा आला, 'वडिलांच्या एका प्रश्नाने अभियंता मुलाचा प्रकल्प अडचणीत'. ते वडील माझेच आहेत हे साहेबांना तेव्हा माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं.

बाबांनी त्याखाली लिहिलं, 'महोदय, चित्रफितीतील गृहस्थ मीच आहे. मी कोणास उघडे पाडलेले नाही. प्रश्न विचारलेला आहे. कळावे.'

कुणालाच पटलं नाही. 'काका, रोज एक नवा बाप येतोय इथे.' 'खरा बाप असा लिहील का?' 'कंपनीने बसवलेला माणूस आहे.' एकाने त्यांना त्यांच्याच चित्रफितीची लिंक दिली आणि म्हणाला, आधी हे बघा, बाप कसा असतो ते.

हे सगळं नियमात बसत होतं. मी राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा खायला उठले होते. तेवढ्यात एकाने लिहिलं की पहिला भडका त्या पोराच्याच बुडाखाली उडू दे, मग समजेल बापाला. मी परत येऊन बघेपर्यंत बाबांनी उत्तर दिलं होतं. सुरुवातीला महोदय नव्हतं, शेवटी कळावे नव्हतं. मधे जे दोन शब्द होते ते मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकलेत, स्कूटर त्यांच्या पायावर पडली होती तेव्हा. लोकांनी धडाधड तक्रारी केल्या.

मी दोन्ही काढलं, त्याचंही आणि बाबांचंही. बाबांनी परत लिहिलं. परत काढलं. त्यांनी परत लिहिलं, तेच दोन शब्द, या वेळी एका बोटाने ठळक करून. ते कसं करतात हे त्यांनी कधी शिकून घेतलं कोण जाणे.

आमच्याकडे तिसऱ्यांदा झालं की खातं बंद. तक्रारी साहेबांच्या पडद्यावरही दिसत होत्या. मी बंद नसतं केलं तर दुसऱ्या कुणी केलं असतं, आणि तो ते न वाचता करतो. म्हणून मी केलं. यंत्र विचारतं, कायमचे बंद करायचे? हो म्हणावं लागतं.

तो जो भडक्याचं बोलला त्याला नुसती ताकीद मिळाली. तो एकदाच बोलला होता. काय बोलला हे नियम बघत नाही, कितीदा बोलला तेवढं बघतो.

रविवारी घरी गेले. बाबा मला म्हणाले, 'तुमच्या कचेरीत कुणी दीडशहाणा बसलाय. मला लिहू देत नाही.' मी म्हटलं, बघते चौकशी करून. आई भाजी निवडत होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. तिला कळलं.

टॅब आता विणकामाला मोकळा झालाय. पण आई म्हणते, ते खिडकीशी बसतातच. नुसते.

ताई


१६ मार्च

खटपट्या,

हे पत्र टपालाने पाठवलेलं नाही. बाबांच्या हातात दिलंय. त्यांनी ते शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वरून बटण लावलं. आत काय आहे ते विचारलं नाही.

कसं ठरलं ते थोडक्यात सांगते.

गेल्या आठवड्यात साहेबांना नातं कळलं. आनंद झाला त्यांना. तुम्हा दोघांना समोरासमोर बसवायचं, कॅमेरा लावायचा, थेट प्रक्षेपण करायचं, प्रश्न वाचकांनी विचारायचे. मला म्हणाले, घरचंच काम आहे, तुम्ही शब्द टाका. मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी माझी तिन्ही पानं दुसऱ्याला दिली. मला शब्दकोडं आणि हवामान दिलंय. फार बिघडलं नाही. एवढंच की शब्दकोड्याखाली लोक याहून जास्त चिडतात, हे मला माहीत नव्हतं.

हे मी घरी सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, सहसा कचेरीतलं सांगत नाही. बाबा ऐकत होते. मग आई आत गेल्यावर म्हणाले, 'माझं बंद केलंस ते तूच ना?'

'हो.'

'किती वेळा लिहिलं होतं मी?'

'तीनदा.'

'मग बरोबर आहे.' पुढे विचारलं, 'आणि त्याला का नाही काढलं?'

'तो एकदाच बोलला.'

मला वाटलं आता रागावतील. पण ते उठले आणि त्यांनी तुझा पत्ता मागितला.

मी म्हटलं, मी फोन करून कळवते, कचेरीतून निरोप देतील. ते म्हणाले, 'काही कळवायचं नाही. आधी कळवलं की साफसफाई करून ठेवतात.' जन्मभर तपासणीला येणाऱ्यांसाठी त्यांनी स्वतः हेच केलंय, तेव्हा माहिती पक्की असणार. मी बरोबर येते म्हटलं तर तेही नको. आईने पिशवी भरून दिली. काय काय भरलंय ते तुला दिसेलच. तू एकटा राहतोस की वीस जणांबरोबर, असा प्रश्न पडावा एवढं आहे.

तुझं 'कोणीच नाही' त्यांना पटलेलं नाही. खोटं आहे असं ते म्हणत नाहीत, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटणार नाही म्हणतात. मलाही वाटतं तेवढ्यासाठीच आले असावेत. आणखी कशासाठी आले असतील तर ते त्यांचं त्यांना माहीत, आणि तू ते काढून घ्यायच्या फंदात पडू नकोस.

त्यांना पडद्यावर चित्रं दाखवू नकोस. तुझ्या साहेबांशी ओळख करून देऊ नकोस, ते लगेच उभे राहून 'महोदय' करायला लागतील. पेट्या दाखव. पाणी कुठून येतं ते दाखव. आणि आग लागली तर तू स्वतः कुठे उभा राहणार ती जागा दाखव. नकाशावर नाही, त्यांना तिथे नेऊन उभं कर. ते तिथून पेटीपर्यंत चालत जातील आणि परत येतील. तू बरोबर जाऊ नकोस. त्यांना चालू दे.

छान आहे असं ते म्हणणार नाहीत. काहीतरी खोट काढतील. एखादी शिडी हलतेय, एखादं दार चुकीच्या बाजूला उघडतंय. त्यांच्यासमोर ते लिहून घे. आणि खरंच दुरुस्त कर, कारण खोट खरी असेल.

मुक्कामाला राहा असा आग्रह धरू नकोस. पिशवीत तळाशी त्यांचे दोन शर्ट आहेत. आईने ठेवलेत, त्यांना दिसणार नाहीत असे. तू नुसतं म्हण की परतीची गाडी उद्या आहे.

तू हे वाचत असशील तेव्हा ते समोरच असतील, पण तुझ्याकडे बघत नसतील. छताकडे, केबलींकडे, कशाकडेही. काय लिहिलंय ते विचारणार नाहीत. पहिलं तूच बोल.

आणि एक. टर्बाइनच्या आवाजात इतकी वर्षं काढली, त्यांना उजव्या कानाने आता जवळजवळ ऐकू येत नाही. ते कबूल करत नाहीत, आणि ऐकू आलं नाही की उत्तर न देता दुसरीकडे बघतात. माझ्या हे या वर्षीच लक्षात आलं. तू त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहा आणि मग बोल.

ताई